लाडूची कावीळ

आमच्या घरात घोरणारे दोघं आहेत. त्यातल्या एकाच्या घोरण्याचे व्हिडिओ काढून मुलगी मैत्रिणींना पाठवते आणि दुसऱ्याला बायको कोपरानं ढोसते. पहिला लाडू. दुसऱ्याबद्दल जास्त सांगत नाही.

लाडू हा पग जातीचा कुत्रा. नाक असून नसल्यासारखं, डोळे बाहेर आलेले आणि कपाळावर इतक्या घड्या की हा नुकताच सोसायटीच्या मीटिंगमधून उठून आलाय असं वाटावं! आमच्या सायलीनं त्याला हट्टानं ठाकुर्लीच्या घरी आणला आणि मग स्वतः ऑफिसच्या ट्रेनिंगला हैदराबादला निघाली. जाताना मला समोर बसवून शिकवणी घेतली.

"बाबा, चेहऱ्याच्या घड्या रोज पुसायच्या. आधी ओल्या कापसानं, मग कोरड्या. ओल राहिली तर आतून खाज सुटते. आणि काही झालं तरी दुपारी उन्हात न्यायचं नाही हां! त्याचं नाक छोटं आहे. एकदा धाप लागली की जिवावर बेततं."

"अगं, तुला वाढवलंय मी!"

"मला आईनं वाढवलं. म्हणून तर तुम्हाला नीट सांगतेय."

मी मनाला लावून घेतलं. रोज सकाळी चहा झाला की लाडूला मांडीवर घ्यायचं, एकेक घडी उघडायची, पुसायची, कोरडी करायची. (त्या घड्यांत एकदा मला पोह्यातला शेंगदाणा सापडला होता. पोहे आदल्या दिवशीचे होते!) हळूहळू मला या कामाचा अभिमान वाटायला लागला. आल्यागेल्याला मी लाडूच्या घड्या उघडून दाखवत असे.

मंदा, म्हणजे आमची ही, एकदा म्हणालीच, "माझ्या कपाळावर आठ्या पडल्यात त्या कधी पुसल्यात का हो?"

"त्या कुणामुळे पडल्या?"

"तेच म्हणतेय मी!"

तर सायली परत यायच्या दिवशी शेजारच्या बंगल्यात हळद होती. बंगला कुंदाताईंचा. त्या मूळच्या इथल्याच. आमची इमारत उभी आहे तिथे एकेकाळी त्यांची भातशेती होती. त्यांच्याकडची हळद म्हणजे निम्मं लग्नच! रात्री डीजे आणि गावजेवण, पण त्याआधी सकाळी घरातल्या घरात बायका नवऱ्यामुलाला हळद लावतात. मंदा सकाळीच पिवळी साडी नेसून मदतीला गेली. जाताना म्हणाली, "लाडूकडे लक्ष ठेवा. आणि दार लावून घ्या."

मी पेपरकडे लक्ष ठेवलं आणि दार लावायचं राहिलं. एप्रिलचा उकाडा, डोक्यावर पंखा... डोळा कधी लागला कळलंच नाही.

जागा झालो तो शांततेनं. घरात घोरण्याचा आवाज नाही! दचकून बघतो तर लाडू उंबऱ्यात बसलेला आणि पिवळा! गळ्याखाली पिवळा, पोटावर पिवळा, आणि त्या घड्या, ज्या मी सकाळीच लख्ख पुसल्या होत्या, त्या आतून पिवळ्याधमक!

आता आपल्यात म्हणच आहे, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं. म्हणून आधी मी स्वतःलाच तपासलं. आरशात डोळे ताणून पाहिले. भिंत पाहिली. भिंत पांढरी. मीही ठीक. म्हणजे कावीळ लाडूलाच!

तरी शहाण्यासारखा कापूस ओला करून एक घडी पुसली. कापूस पिवळा! आणि मी, तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत कागद तपासलेला माणूस, यावरून काय निष्कर्ष काढावा? कावीळ अंगातून झिरपायला लागली!

खिडकीखाली कुंदाताईंचा मांडव. मांडवावर झेंडूच्या माळा. आत "हलद लागली" म्हणून बायका मोठमोठ्यानं गातायत. पण डोक्यात एकदा कावीळ शिरली की दुसरं काही शिरत नाही. मंदाला फोन केला, तिनं उचलला नाही. सायलीचं विमान संध्याकाळी. तिला काय तोंड दाखवणार? मी लाडूला उचलून छातीशी धरला आणि भर दुपारी निघालो.

रिक्षावाला म्हणाला, "काका, डोंबिवली? बसा, एक सीट बाकी आहे. कुत्र्याला मांडीवर घ्या, त्याचं भाडं नको."

"अरे, चल लवकर! कावीळ झालीय त्याला!"

हे ऐकून शेजारच्या बाई दाराकडे सरकल्या. पुलावर ट्रॅफिक जाम. वरून ऊन, खालून इंजिनची धग. मी घामाघूम, ज्या कापसानं लाडूला पुसत होतो त्यानंच स्वतःचं तोंड पुसतोय. आणि लाडूला धाप लागली.

आधी नेहमीसारखी. मग मोठी. मग घशातून करवतीसारखा आवाज यायला लागला, जीभ लांब बाहेर आणि तिचा रंग काळपट. तेव्हा सायलीचे शब्द आठवले: दुपारी उन्हात न्यायचं नाही. कावीळ राहिली बाजूला, हा माझ्या मांडीवरच जातोय असं वाटलं. माझं आपलं नुसतं "लाडू, लाडू रे" चाललेलं.

दाराकडे सरकलेल्या त्या बाईच परत इकडे सरकल्या. "अहो, रडताय काय! धरा त्याला नीट." पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांनी लाडूच्या पोटावर आणि पायांवर पाणी ओतलं. दुसऱ्या हातानं, माझ्या काखेत तसाच राहिलेल्या पेपरनं वारा घातला. रिक्षावाल्यानं रिक्षा गल्लीत घातली आणि आम्हाला थेट जनावरांच्या दवाखान्याच्या दारात सोडलं.

डॉक्टर तरुण होत्या. एका नजरेत सगळं ओळखून त्यांनी लाडूला टेबलावर घेतलं, पंखा त्याच्यावर वळवला, ओले टॉवेल लावले. "कावीळ..." मी सुरुवात केली.

"आधी श्वास घेऊ दे त्याला. तुम्हीही घ्या."

मी भिंतीला टेकून उभा. हळूहळू करवत थांबली. जीभ पुन्हा गुलाबी झाली. मग लाडूनं मान टेबलावर टाकली, डोळे मिटले... आणि माझ्या काळजाचा ठोका चुकणार तेवढ्यात तो घोरायला लागला! अहाहा! इतकं सुरेल घोरणं मी जन्मात ऐकलेलं नाही.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. "हिरड्या बघा, मस्त गुलाबी आहेत. डोळ्यांतलं पांढरं पांढरंच आहे." मग घडीत बोट घालून वास घेतला. "काका, घरात लग्न आहे?"

"नाही. शेजारी..." आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

"कावीळबिवीळ काही नाही. हळद लागलीय. त्याला आज एकच आजार झाला, तुम्ही उन्हात आणलंत तो."

तेवढ्यात मंदाचा फोन. घरी येऊन तिनं रिकामी खोली पाहिली होती. मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. पलीकडे आधी हसणं, मग फोन कुंदाताईंच्या हातात.

"अवो भावजी! यो तुमचा लाडू सकाली मांडवात आला नि आमच्या पोराच्या मांडीवर जाऊन बसला! उठवला तरी उठंना. मंग आम्ही बोललो, नवऱ्याला लावली तर याला बी लावा हलद. पुसून, पानी पाजून धाडला ना तुमच्या दारात! तुम्ही घोरत व्हते."

डॉक्टरांनी फोनचा आवाज बाहेर ऐकू आल्यामुळे तोंडावर हात धरला होता. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "ऊन कमी झाल्यावरच घरी न्या. आणि वजन कमी करा. गोड बंद. संध्याकाळी फिरणं."

मंदानं पलीकडून विचारलं, "डॉक्टर, हे लाडूचं की यांचं?"

"दोघांचं."

संध्याकाळी घरी आल्यावर लाडूला आंघोळ घातली, घड्या कोरड्या केल्या. या गडबडीत माझी आंघोळ राहिलीच. सायली आली, बॅग टाकून आधी त्याला उचललं, घड्या उघडून पाहिल्या. "वा बाबा! किती छान ठेवलंत याला! मला उगाच काळजी..."

आणि माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला.

"आई गं! बाबा किती पिवळे दिसतायत! कावीळ आहे ही!"

मंदा पदरात तोंड खुपसून हसत होती. मी मात्र गुपचूप उठलो, आरशासमोर गेलो आणि ओला कापूस गालावरून फिरवला. तो पिवळा निघाला. सगळं माहीत असूनही, खोटं कशाला बोलू, मी आरशात पुन्हा एकदा डोळे ताणून पाहिलेच!