मांजर नसलेल्या घरातला उंदीर

"मांजरानं मारलाय गं," सासू म्हणाली आणि कणगीखाली मरून पडलेला उंदीर शेपटीला धरून तिनं उकिरड्यात पुरला.

"आत्ती, आपल्यात मांजर हाय कुठं?" मी विचारलं. तिनं वर शेणाची पाटी ओतली.

आमच्या येळ्ळूर गावाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. घरात उंदीर मेला की चावडीवर सांगायचं, गाव रिकामं करायचं, शेतात खोपी घालून राहायचं. प्लेगचं नाव कुणी काढत नसे. 'उंदीर पडला' एवढं ऐकलं की बायका भांडी बांधायला घ्यायच्या. पण त्या वर्षी जत्रा आठ दिवसांवर आलेली आणि सासरे पंच. देवीला एकटी टाकून जायचं कसं, म्हणून घरोघरी लोकांनी मेलेले उंदीर लपवले.

उचगावात माझी थोरली बहीण असल्याच लपवालपवीत गेली होती. माझी पोर तीन वर्षांची. नवरा बेळगावच्या लष्करी कॅम्पात कामाला, आठवड्यानं यायचा. मला भीती वाटत होतीच, पण रागच जास्त आला. मी उकिरडा उकरला, उंदीर चुलीच्या चिमट्यात धरला आणि भर दुपारी चावडीवर सासऱ्यांच्या पुढ्यात नेऊन टाकला. सुनेनं तिथं पाऊल टाकायची रीत नव्हती.

"जत्रा झाल्यावर बघू," सासरे म्हणाले. "आत्ता गाव सोडलंस तर परत ह्यो उंबरा न्हाय."

"ऱ्हाऊ दे मामा, उंबरा. पोर जगली तर दुसरा घालीन."

पोरीला काखोटीला मारलं आणि शेतात जाऊन कडब्याची खोप घातली. गाव हसलं. हसू दे, म्हटलं.

चौथ्या दिवशी सासू बांधावर आली. पोर "आज्जी" म्हणत धावली, तशी ती मागं सरली.

"धर तिला. काखेत गाठ आलीया माझ्या. उंदीर मीच उचललता न्हवं?"

मी पुढं झाले तर तिनं दगड उचलला. "जवळ येऊ नगंस. ह्यास्नी सांगून आलोय, आता तरी गाव काढा म्हणून. तू काय परत फिरू नगंस."

दुसऱ्या दिवशी गाव निघालं. देवीसुद्धा निघाली. सासू निघाली नाही.

आता उंदीर पडला की मीच चिमटा घेऊन चावडी गाठते. जत्रा असो, लगीन असो, कुणाला विचारत नाही. बाईमाणसाला हे कुणी शिकवलं, म्हणून कुणी नाक मुरडलं, तर तोंडावर सांगते, सासूनं.