मिळाली ती किंमत

सोमवारी सकाळी सुमतीताई गेल्या. गुरुवारी प्रकाशकाचा माणूस आला आणि सूचीची फाईल घेऊन गेला.

सूची म्हणजे जगभरातल्या नाण्यांच्या आणि नोटांच्या किमतींचं पुस्तक. दरवर्षी त्याची नवी आवृत्ती निघते. त्यातल्या किमती ताज्या ठेवण्याचं काम सुमतीताई करत. महाविद्यालयात त्या इतिहास शिकवत, मी तिथंच ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर मी सकाळी त्यांच्या गारखेड्यातल्या घरी जायचो आणि त्या सांगतील ते आकडे टंकायचो. चहा मिळे, बोलणीही मिळत.

दुकानदाराने सांगितलेली किंमत त्या कधीच लिहीत नसत. नाणं खरोखर विकलं गेलं का, हे विकणाऱ्याला विचारत आणि मग घेणाऱ्यालाही. दोघांचं जुळलं तरच आकडा. वर्षभरात विक्री झाली नसेल, तर जागा कोरी. गुलमंडीतल्या एका व्यापाऱ्याला त्या फोनवर म्हणाल्या होत्या, "रफिकभाई, माँगने को तो मैं चाँद भी माँगूँ. बिका क्या, वो बोलो."

पलीकडून हसणं ऐकू आलं. "नै बिका, मॅडम."

ताईंनी आधीचा आकडाही खोडला. "कोरं ठेव," मला म्हणाल्या. "मागितली ती किंमत नव्हे रे. मिळाली ती किंमत."

गेल्या वर्षी करमाडहून भागवत नावाचा रिक्षावाला त्यांच्याकडे आला. वडिलांच्या पेटीत त्याला पाच रुपयांच्या जुन्या नोटा सापडल्या होत्या, ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या. मोबाईलवर कुणीतरी सांगत होतं की एकेक नोट लाखाला जाते. फक्त आधी नोंदणीची फी भरायची.

"खरं हाय का मॅडम?"

ताईंनी सूची उघडून वापरलेल्या नोटेपुढची जागा दाखवली.

"इथं तर काईच नाय."

"कारण अशी मळकी नोट कुणी विकत घेतच नाय. पाच रुपयाला मात्र अजून चालते. दुकानात दे, बिस्किटं घे. आणि त्या फीवाल्याला म्हणावं, माझ्या लाखातूनच कापून घे."

भागवत हसत गेला. फी भरली नाही.

ताईंच्या माघारी नवी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून त्यांचंच नाव होतं. मी ती पाहिली नव्हती. मला ती भागवतने दाखवली. ताईंच्या भाचीसाठी मी त्यांच्या घरातली पुस्तकं बांधत होतो, तेव्हा तो दारात उभा राहिला. फीवाल्याने त्याला सूचीच्या मुखपृष्ठाचा आणि एका पानाचा फोटो पाठवला होता. ट्रॅक्टरच्या नोटेपुढे, वापरलेल्या नोटेच्या रकान्यात, एक लाख.

"मॅडम हायत का? त्यांनीबी शेवटी लिवलंच की. म्हणून भरली फी."

मी ताई गेल्याचं सांगितलं. तो पायरीवर बसला. फोटो पुन्हा बघत म्हणाला, "मंग हे लिवलं कुणी?"

मी त्याच्यासमोरच प्रकाशकाला फोन लावला. "ही ट्रॅक्टरची नोट लाखाला कुणी घेतली?"

"सर, ऑनलाइन तेवढ्याला लावलेली आहे."

"लावलेली. विकली गेली का?"

"कोऱ्या जागा असलेलं पुस्तक दुकानदार ठेवत नाहीत हो."

"मग ताईंचं नाव काढा."

"ते श्रद्धांजली म्हणून ठेवलंय."

श्रद्धांजली! जी बाई एका आकड्यासाठी आठवडाभर फोन करायची, तिच्या नावावर भामट्यांचा भाव छापायचा आणि वर हा शब्द वापरायचा. त्यांना ताईंचा अभ्यास नको होता, फक्त लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास हवा होता. जिवंतपणी त्यांच्याकडून एक खोटा आकडा लिहून घेण्याची या माणसाची छाती नव्हती. आता त्या नाही म्हणू शकत नाहीत, एवढ्यावर त्याचा धंदा चालला आहे. परिचित मला समजावतात, जाऊ द्या, निदान नाव तरी राहिलं. नाव राहिलं म्हणूनच भागवत फसला, हे त्यांना किती वेळा सांगू?

मी प्रकाशकाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलेलं नाही. फीवाल्याचा फोन लागत नाही. सूची औरंगपुऱ्यातल्या दुकानांत मिळते. तिच्यावर सुमतीताईंचं नाव आहे. आतल्या कुठल्या किमती त्यांच्या आणि कुठल्या नाहीत, हे ओळखणारा आता मी एकटा आहे.