ताईची भागीदारी

माझ्या आत्तेबहिणीइतकं लोकांना विचारून जगणारं माणूस अख्ख्या नाशकात दुसरं नसेल, आणि असलंच तर ताईनं त्यालाही गाठून त्याचं मत घेतलं असेल. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात ती बरीच वर्षं होती. तिथल्या द्राक्षबागांत राबणाऱ्या लॅटिनो मजुरांना उन्हाचा काय त्रास होतो, हा तिचा विषय. "मजुरांवर संशोधन" असं मी एकदा बोलून गेलो, तर तिनं मला हातातला चहा खाली ठेवायला लावला. "मजुरांवर नाही रे, मजुरांबरोबर! प्रश्न त्यांनी ठरवायचे, उत्तरंही आधी त्यांनाच सांगायची. आपण नुसते भागीदार."

आत्याच्या आजारपणात ती परत आली, इथल्या विद्यापीठात लागली, आणि ही भागीदारी आमच्या घरात शिरली. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तिनं वाढप्यांना गोल बसवून त्यांच्या अडचणींवर चर्चा सुरू केली. इकडे व्याही पानातल्या मिठाकडे बघत बसलेले. मात्र चर्चेत ठरल्याप्रमाणे टेबलं हलवल्यावर दुसरी पंगत झटक्यात उठली, हे त्यांनीही मान्य केलं. मिसळवाल्यालाही तिनं विचारलं, "रस्सा इतका तिखट गिऱ्हाइकांना विचारून करता का?" तो म्हणाला, "मॅडम, विचारत बसलो तर मिसळ कोण खाईल?" हे उत्तर तिनं एका परिषदेत वाचून दाखवलं म्हणे, आणि टाळ्या मिळाल्या त्या मिसळवाल्याला.

गेल्या मार्चात ती मला सायखेड्याला घेऊन गेली. द्राक्षबागेत काम करणाऱ्या बायकांची सकाळी बैठक होती, बागमालकही आले होते. ताईनं भिंतीवर पडदा लावून कॅलिफोर्नियातल्या आपल्या जुन्या भागीदारणींना फोन जोडला. पडद्यावर चारपाच मेक्सिकन बायका दिसल्या आणि इकडच्या सगळ्याजणी पदर सावरून बसल्या.

"तिकडं बी उनातच काम हाय का?" मुक्ताबाईंनी विचारलं. ताईनं ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. पलीकडून रोझा नावाच्या वयस्कर बाई हात हलवून हलवून बोलल्या, ताई मराठीत सांगत गेली: ऊन तसंच आहे, पण बागेत आता सावलीची जागा आहे, गार पाणी आहे, दुपारी विसावा आहे. फार भांडावं लागलं, पण मिळालं.

"मंग आपल्याकडं का नाय?" मुक्ताबाईंनी मान मागे वळवली. बागमालक जरा चुळबुळले. "नाय कशाला? हिरवी नेट बांधू की."

"आन् विसावा?"

"घ्या बाई, विसावा बी घ्या!"

काय झालं ते ताईनं पलीकडे सांगितलं, तशा पडद्यावरच्या बायकांनी टाळ्याच पिटल्या. मग फोन ठेवता ठेवता रोझाबाई ताईला हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. "काय म्हनली वो?" बायकांनी विचारलं. ताई हसून म्हणाली, "काही नाही, निरोप घेतला."

परतताना गोदावरीच्या पुलावर मी तिला विचारलं, "खरं सांग, काय म्हणाल्या?"

ती नदीकडे बघत होती. "माझ्या जागी नवीन मुलगी आलीय. हुशार आहे, सगळं नीट विचारते. पण जेवायला थांबत नाही, म्हणाली." मग थोड्या वेळानं, "रोझा मक्याची भाकरी करते ना, आपल्या भाकरीसारखीच हातावर थापते. मी रोज तिच्याकडेच जेवायचे."

"मग जाऊन ये की एकदा."

"जायचंय रे." तिनं डोळे पुसले. "पण आता कशी जाऊ? पुढच्या आठवड्यात मुक्ताबाईंची छाटणी सुरू होतेय."