मिर्झा तकीचा नसाब

लखीराम आडे आमच्या बंजारा तांड्याचे कारभारी होते आणि माझे सासरे. त्यांच्याविषयी लिहावं असं पुष्कळदा वाटलं, पण एक गोष्ट मला कधी नीट उमगली नाही, म्हणून राहून गेलं. आता उमगेल असंही नाही. जसं घडलं तसं लिहितो.

आमचा तांडा आर्णीपासून दोन कोसांवर. आमच्या पंचायतीला नसाब म्हणतात. निवाडा तांड्याचा प्रमुख म्हणजे नायक देतो, पण त्याआधी कारभारी उठून दोन्हीकडचं म्हणणं मांडतो. फिर्याद करणाऱ्याचंही तोच, समोरच्याचंही तोच. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे काम बावीस वर्षं केलं. एकाची बाजू ते अशी कळवळून मांडत की त्यालाच रडू यावं; मग दुसऱ्याची, तितकंच कळवळून. घरी मात्र भाजीत मीठ कमी की जास्त, हेही त्यांच्याकडून कळत नसे. "या मानसाचं सोताचं काई म्हननंच नाई," असं माझ्या सासूबाई, रुपीबाई, म्हणत.

एकोणसाठ साली नायक हिरासिंग यांच्या मुलानं, धनसिंगनं, तांड्याची गुरं चारायच्या माळावर नांगर घातला. खेमसिंगनं तक्रार केली. त्याच्या गाईंना दुसरीकडे गवत नव्हतं. नायकांनी मामांना बोलावलं. मी तिथंच होतो.

"कारभारी, हा माळ माह्या बापानं, तो नायक असतानी, आमच्या घराले देल्ला होता. तवा तू हजर होता. नसाबात तेवढं सांग."

मामा त्या काळी हजर होते खरे. पण असं काही झालं नव्हतं.

आर्णीच्या बाजारात रहेमान मिस्त्री सायकली आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत. त्यांच्या आजोबांची हातानं लिहिलेली एक फारसी वही त्यांच्याकडे होती. तीत इराणच्या एका वजिराची हकिकत होती. मामा दर बाजारी थोडी थोडी ऐकत. मिर्झा तकी गरीब घरचा. तरुणपणी एका आरोपावरून शहानं त्याला भयंकर शिक्षा केली, आणि पुढे त्याच शहानं त्याच्या हाती मुलूख दिले. शेवटी पुढच्या शहाच्या वेळी तो मुख्य वजीर झाला. लाच घेत नसे, सरदारांनाही सोडत नसे. तोही शहा मेला, गादीवर नऊ-दहा वर्षांचं पोर बसलं, तरी हा तसाच.

नायकांनी बोलावल्यानंतरच्या बाजारी मामा गाडी सोडल्या सोडल्या मिस्त्रींकडे गेले.

"मिस्त्री, तुह्या मिर्झाचं शेवटी काय झालं? दर टायमाले अर्ध्यातच सोडतं."

"बसा कारभारी. बत्ती नाही आणली आज?"

"बत्ती चांगली हाय. वजीर सांग."

मिस्त्रींनी चष्मा लावला. "एका सकाळी जानी खान सरदार माणसं घेऊन घरात घुसला आणि त्याले मारून टाकलं. मग पाच-सहा दिवसांत शहानं खानालेही खतम केलं. बस, किस्सा खलास."

"खानाचं म्हननं काय होतं?"

"कोणाचं?"

"मारनाऱ्याचं."

"ते नाही लिहिलं."

"काहून नाई लिवलं?"

"अहो, तीनशे वर्सं झाली कारभारी! आता काय समन्स काढू?"

मामा हसले नाहीत. "मंग मिर्झा खरा का खोटा, कसं समजन?"

परतताना त्यांनी मला विचारलं, "जवाई, तुमाले काय वाटते?"

मी म्हणालो, वजीर चांगला होता. थोड्या वेळानं म्हणालो, पण मेला.

"हां," मामा म्हणाले, "तेच."

नसाब बसला. मामांनी खेमसिंगची बाजू मांडली, मग धनसिंगची. ती इतकी चांगली मांडली की माळ त्याचाच असावा असं मलाही वाटलं. नायक म्हणाले, "आता तू जे पायलं ते सांग." मामा उभेच राहिले. आणि मिर्झा तकीची हकिकत सांगू लागले.

"हा मिर्झा कोनत्या तांड्याचा?" कोणी विचारलं.

"इरानचा."

"तिकडंबी तांडे हायेत?"

दोघं वजिराकडून बोलू लागले, तिघं खानाकडून. भांडण वाढलं. "माह्या नांगराचा अन् इरानचा काय संबंध?" धनसिंग ओरडला. नायकांचा चेहरा लाल झाला. आपल्याला पोरगा शहा म्हटलं की खुनी खान, हे त्यांना कळेना. ते मलाही कळलं नाही.

बायका नसाबात बोलत नाहीत. त्या दिवशी मागून रुपीबाई बोलल्या, "आवो, बास झालं! त्या खानाचं म्हननं आता कोनी सांगनार नाई. तुमचं सांगा."

मामा नायकांकडे वळले. मग म्हणाले, "नायकबा, माळ कोनी कोनाले देल्ला नाई. मी हजर होतो." आणि नायकांशेजारची आपली जागा सोडून बाजूला झाले. "आता माहीच एक बाजू झाली. मले कारभारी राहता येत नाई."

कोणी अडवलं नाही. नायकांनी पागोटं सारखं केलं आणि खाली बघत म्हणाले, "नांगर काढा."

पण नसाब उठला नव्हता, एका सोयरिकीचा विषय बाकी होता. इकडे खेमसिंगची माणसं, तिकडे धनसिंगची; मामांना कुठं बसावं कळेना. खेमसिंगनं घोंगडी सरकवून जागा केली, "या, कारभारी." मामा दोन पावलं गेले आणि थांबले. धनसिंगकडच्या लोकांनी माना फिरवल्या. मी सरकलो, तर मामांनी माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. शेवटपर्यंत ते बैलगाडीच्या चाकाशी उभे होते.

पुढे ते आठ वर्षं जगले. प्रत्येक नसाबाला येत. नवा कारभारी म्हणे, "काका, बसा ना कुठंबी."

"बसतो, बसतो," म्हणत, आणि उभेच राहत.