बाराव्या शतकातले अरब

बोट वर करायचे आणि विचारायचे, "युरोपला अक्कल कुणी दिली, सांगा!" आपण नेमकं चहात बिस्कीट बुडवलेलं असायचं, ते पडायचं. उत्तर कुणालाच नको असायचं, त्यांना तर मुळीच नको.

इथे परदेशात, स्कारबरोच्या लायब्ररीत आम्ही मराठी म्हातारी माणसं गुरुवारी जमतो, तिथले हे गृहस्थ. जन्मभर इन्शुरन्सचे फॉर्म तपासलेले, पण आम्ही म्हणायचो प्रोफेसर. एकदा एक मुलगी विंटर टायर्सची माहिती द्यायला आली, तर हे उठले. "टायरवरचे आकडे कुणाचे? आपले! अरबांनी नेले, युरोपला शिकवले." पोरगी पोस्टर गुंडाळून गेली.

सगळ्यात लाडकं त्यांचं टोलेडो. स्पेनमधलं जुनं शहर. तिथे म्हणे बाराव्या शतकात एका टेबलाशी ज्यू पंडित अरबी ग्रंथाचा अर्थ मोठ्याने सांगायचा आणि पाद्री लॅटिनमध्ये लिहून घ्यायचा. "त्या टेबलापाशी युरोप जागा झाला! तुमचा माणूस होता तिथे, वहिनी!" मी अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, म्हणून हे मला. जसा काही तो माझा सख्खा मामाच.

आणि बरं का, याच माणसाच्या मुलानं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला मोरोक्कोच्या मुलीशी लग्न केलं, तर हे लग्नाला गेले नाहीत. नात झाली, तरी नाहीत. सून दर गुरुवारी कॉल करायची, हे फोन उपडा ठेवायचे.

मी एकदा म्हटलंच, "प्रोफेसर, बाराव्या शतकातले अरब चालतात, घरातली सून चालत नाही होय?"

"इतिहास वेगळा, घर वेगळं, वहिनी."

"बरोबर. इतिहासातल्या पाहुण्यांना चहा करावा लागत नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन थरथरला. मी उचलला आणि स्पीकर लावला. आगाऊपणा माझा जुनाच. पलीकडून जपून शिकलेलं मराठी आलं, "बाबा, जेवलात?"

तासभर न थांबता बोलणारा माणूस, पण दोन शब्दांत आटोपला. म्हणाले, "हो. पोहे."

"एकटे?"

"...हो. एकटा."

महिन्याभरात भाड्याचं बेसमेंट रिकामं करून कोक्विटलामला गेले.

आता गुरुवारी योगावाली येते, आम्ही पेंगतो. परवा मीच फोन केला. सुनेची आई मोरोक्कोहून आलीय म्हणे. तिला यांची एकही भाषा येत नाही, यांना तिची.

"मग दिवसभर बोलता काय?"

"बोलत नाही, वहिनी," तोंडात घास होता त्यांच्या. "ती वाढते, मी खातो."