पाठ झालेली ओळ

“शेवटची ओळ न, र, ग, व. आज चुकू नका हं,” माझ्या शेजारी बसलेल्या आजी, सोबतच्या आजोबांच्या कानाशी पुटपुटल्या. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसून भिंतीवरच्या तक्त्याची उजळणी चालली होती.

“परीक्षा आहे का ही?”

“नापास झालात तर पुन्हा थेंब सुरू.”

मला हसू आलं, पण टिकलं नाही. माझ्या उजव्या बुबुळावर विषाणूने जखम केली आहे. डॉक्टर पिवळं औषध घालून निळ्या उजेडात पाहतात, तेव्हा ती झाडाच्या फांदीसारखी दिसते म्हणे. थेंबांनी फांदी वाळते, मागे धुकं उरतं. दर खेपेला एखादी ओळ जास्त वाचली की आईचा चेहरा खुलतो. आपल्या माणसांसाठी बरं होणं किती सोपं असतं! डोळ्यांना मात्र ते जमत नाही.

माझी पाळी आली. मी डावा डोळा झाकला. समोर पांढुरकं काहीतरी होतं आणि अक्षरं ओठांवर तयार होती. आई दाराशी उभी होती.

“वाचा,” डॉक्टर म्हणाले.

“पाठ आहे मला,” मी म्हणाले. “दिसत नाहीये.”