अण्णांची कोरी चौकट

आमच्या घरात माझ्या ज्ञानाला वर्षातून एकदाच किंमत येते. चामराजपेटेत अक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या, घरी कुलदेवीची पूजा असते, आणि कुठल्या घरची किती पानं वाढायची, हा तक्ता मी एक्सेलमध्ये करतो. एरवी मला साधं मिक्सरचं भांडं बसवता येत नाही, असं बायको चारचौघांत सांगते. खरंच आहे ते.

तक्त्यात प्रत्येक घराची एक ओळ. न येणाऱ्यांपुढे शून्य. हेब्बाळच्या अण्णांची, म्हणजे आमच्या थोरल्या भावाची, चौकट मात्र शेवटपर्यंत कोरी असायची. आचाऱ्याने कढई चढवली की मग यांचा फोन. "एकटाच येतोय रे. पण दोन पानं धर."

वहिनी गेल्यापासून ते एकटेच येत. दुसरं पान कुणाचं, विचारलं तर म्हणत, "माझंच. मी दोघांचं जेवतो."

या उन्हाळ्यात अण्णाही गेले.

यंदा तक्ता करायला बसलो, तर त्यांची ओळ काढून टाकायचा धीर होईना. शून्य घातलं. ते बघवेना. अक्का तर फ्रिजवर चिकटवलेला हा कागद दिवसभर बघणार. मग ऑफिसात शिकलेली एक युक्ती आठवली. आकडा कसा दिसावा, हे एक्सेलमध्ये आपल्याला ठरवता येतं. अर्धविराम देऊन खण पाडायचे: पहिला शून्याहून मोठ्या आकड्यांचा, दुसरा उणे आकड्यांचा, तिसरा शून्याचा. तिसरा मोकळा सोडला की शून्य जागेवरच असतं, बेरीजही चुकत नाही, फक्त दिसत नाही. सगळ्या रकान्याला तेच लावून टाकलं. आपल्या हुशारीवर खूश होऊन वर एक कॉफीही प्यायलो.

पूजा झाली, आरती झाली. पंगत बसली. आचाऱ्याने विचारलं, वाढायला घेऊ का? आतून अक्का तिच्या अर्ध्या कानडीत म्हणाली, "स्वल्प थांबा." थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा "स्वल्प." सर्जापूर रोडची भाची घड्याळ बघायला लागली, तसा मी उठून आत गेलो.

अक्का फ्रिजसमोर उभी होती. हातात केळीची दोन पानं, पुसून ठेवलेली.

"कुणासाठी थांबलीस गं?"

"अण्णाचा फोन यायचाय ना. हे बघ, कोरंच आहे अजून."

मला काही सांगावं लागलं नाही. तिचं बोट त्या चौकटीवरच राहिलं.

"अय्यो," ती हळूच म्हणाली.

"तिथे शून्य आहे अक्का. तुला दिसू नये म्हणून मी लपवलं."

"शहाणाच आहेस. दिसलं असतं तर सकाळीच रडून मोकळी झाले असते. कोरं ठेवलंस, आणि मी आपली सवयीने फोनकडे कान लावून." फ्रिजवरचं पेन तिने माझ्या हातात दिलं. "लिही."

"राहू दे ना आता."

"लिही म्हणते ना."

मी लिहिलं. जरा वाकडंच आलं.

"लहानपणापासून तुझं शून्य बटाट्यासारखं," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मग ती दोन्ही पानं तिने एकावर एक ओट्यावर ठेवली, दाराशी गेली आणि आचाऱ्याला म्हणाली, "सरी, वाढा."